कौल, मोरी आणि पुस्तकांचे कपाट : आपल्या घरांचा इतिहास कोण लिहिणार?

मराठी माणसाच्या घराचा इतिहास सांगायला कोणी बसले की तो हमखास वाड्यापासून सुरू होतो. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, ओसरी, माजघर, देवघर, परसातली विहीर. मग नक्षीचे खांब, समया, अडकित्ते, पितळी डबे. या वस्तूंची संग्रहालये झाली, वाड्यांवर जाडजूड पुस्तके निघाली, दिवाळी अंकांतून त्यांच्या आठवणींचे उमाळे आजही येतात. आमचा त्याला आक्षेप नाही. ज्यांचे वाडे होते त्यांनी ते जपावेत. आमचा आक्षेप एवढाच आहे की मूठभरांच्या घराला ‘मराठी घर’ असे नाव देऊन बाकीच्यांची घरे इतिहासातून पुसून टाकली गेली. गावकुसाबाहेरच्या घराला जणू इतिहासच नाही, फक्त दारिद्र्य आहे, असे धरून चालले जाते.

हे साफ खोटे आहे. आमच्या घरालाही इतिहास आहे. फरक इतकाच की वाड्याचा इतिहास मालकाच्या ऐपतीने आणि आवडीने घडला, तर आमच्या घराचा इतिहास बंदीने आणि ती बंदी मोडण्याने घडला. म्हणून आमच्या घराचा अभ्यास करताना ‘कोणत्या शैलीचे घर?’ हा पहिला प्रश्न असूच शकत नाही. पहिला प्रश्न असा : या घराला काय काय करण्याची मनाई होती?

छपराची जात

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांच्याविषयीचे नियम आहेत. त्यांनी गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यांत जेवावे, मेलेल्यांची वस्त्रे वापरावीत, लोखंडाचे दागिने घालावेत. हे नियम नीट वाचा. ते नुसते शिवण्या-न शिवण्याचे नियम नाहीत. घर कुठे असावे, घरात भांडे कोणते असावे, अंगावर काय असावे याची ती यादी आहे. आजच्या भाषेत ज्याला गृहरचना आणि गृहसजावट म्हणतात, तिचेच हे धर्मशास्त्र आहे. फक्त ते दुसऱ्याच्या घरासाठी लिहिलेले आहे आणि ते घर कुरूपच राहावे असा त्याचा हेतू आहे.

कोणी म्हणेल, ग्रंथातले नियम प्रत्यक्षात कोण पाळत होते? त्यांनी बाबासाहेबांचे लेखन वाचावे. अस्पृश्यांच्या स्थितीवरील त्यांचे जे लिखाण त्यांच्या पश्चात महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केले, त्याच्या पाचव्या खंडात गावाने अस्पृश्यांवर लादलेल्या नियमांची एक यादी आहे. अस्पृश्यांची वस्ती वेगळी असावी. ती दक्षिणेला असावी, कारण दक्षिण दिशा अशुभ मानलेली. आणि अस्पृश्याने कौलारू घर बांधणे हा गुन्हा समजला जाई. स्वच्छ कपडे, पायात जोडा, सोन्याचा दागिना, हेही गुन्हेच. गुन्हा एकाने केला तरी शिक्षा सगळ्या वस्तीला.

कौल म्हणजे काय? भाजलेली माती. गावचा कुंभार ती घडवतो. पैसा जमवला तर गरिबालाही ती विकत घेता येते. म्हणजे अडचण फक्त पैशाची नव्हती. पैसा असला तरी कौल चढवायचे नव्हते. कारण छप्पर लांबून दिसते. वेशीवरून नुसती नजर टाकली तरी कोणते घर कोणाचे हे कळले पाहिजे, ही जातिव्यवस्थेची गरज होती. गवताचे छप्पर म्हणजे घराच्या डोक्यावर ठेवलेली जात. ते दरसाल शाकारावे लागते, पावसात गळते, आणि एका ठिणगीत जळून जाते. वस्ती पेटवून देणे सोपे असावे अशीच ती रचना. म्हणून ज्या दिवशी महारवाड्यात, मांगवाड्यात पहिले कौलारू घर उभे राहिले, तो दिवस आमच्या वास्तुकलेच्या इतिहासातला फार मोठा दिवस आहे. गावोगावी तो वेगवेगळ्या साली आला असेल. पण त्याची नोंद कोणत्या गॅझेटियरने घेतली?

वाड्याचा नकाशा आणि बाहेरचे हात

आता पुन्हा वाड्याकडे पाहू. पण खांबावरची नक्षी बाजूला ठेवू आणि फक्त एकच गोष्ट पाहू : कोण कुठपर्यंत येऊ शकत होते? शेतावरचा कुणबी ओसरीपर्यंत. नात्यागोत्यातला माणूस माजघरापर्यंत. सोवळ्यातली व्यक्तीच देवघरात आणि चुलीपाशी. त्याच घरातली बाई महिन्याचे चार दिवस कोपऱ्यात. विधवा झालेली बाई कायमची मागच्या अंधाऱ्या खोलीत. आणि महार-मांग अंगणाच्याही बाहेर. त्यांच्यासाठी वळचणीला खोवलेली नारळाची करवंटी किंवा कान तुटलेला कप. वाड्याचा नकाशा म्हणजे जिन्यासारख्या चढत्या पायऱ्यांची जातिव्यवस्था दगडविटांत बांधलेली आहे. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटली, ती पाहायची असेल तर वाड्याच्या उंबरठ्यांची मोजणी करावी.

आणि या वाड्यात वस्तू कोणाच्या होत्या? विहिरीचा दोर मांगाने वळलेला. मोट चांभाराच्या हातची. सूप, टोपल्या बुरुडाच्या. कोकणात बांबूची आयदाने महारांच्या घरी विणली जात. उर्मिला पवार यांनी आपल्या आत्मकथनाला ‘आयदान’ हेच नाव दिले, कारण त्यांची आई ती विणून घर चालवीत होती. केरसुणी शिंदीच्या पानांची, तीही मांगाच्या हातची. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वाड्यात त्याच केरसुणीला हळदकुंकू वाहून लक्ष्मी म्हणून पुजले जाते. केरसुणी लक्ष्मी होते, पण ती बांधणारा हात अस्पृश्यच राहतो! वस्तू आत, माणूस बाहेर. मराठी गृहकलेचा गौरव करणाऱ्यांनी या एका वाक्याचे उत्तर द्यावे.

शहरात आल्यावर तरी हे थांबले का? जुन्या मुंबईतल्या इमारतींच्या मध्ये अरुंद बोळ ठेवलेले असत. महापालिकेच्या भाषेत त्यांना ‘घरगल्ली’ म्हणतात. इमारतीच्या मागच्या अंगाला टोपलीचे संडास, आणि ते साफ करणाऱ्याने समोरून येऊ नये म्हणून मागून गल्ली. काही बड्या इमारतींना मागे लोखंडी जिनाही असे. म्हणजे आधुनिक इमारतीच्या आराखड्यातच भंगी समाजाचा रस्ता वेगळा आखलेला होता. कोरडे संडास बांधण्यावर बंदी घालणारा कायदा व्हायला १९९३ साल उजाडावे लागले आणि २०१३ मध्ये पुन्हा नवा कायदा करावा लागला. आणि आज? उंच उंच टॉवरमध्ये कामवाल्या बाईसाठी वेगळी लिफ्ट ठेवतात तेव्हा घरगल्लीच सरळ वर चढलेली असते.

पाणी नसलेले घर

महारवाड्यातल्या घराच्या आत काय होते? कुडाच्या किंवा मातीच्या भिंती, एकच दालन, धूर कोंडणारी चूल, कोपऱ्यात गाडग्या-मडक्यांची उतरंड, जाते, दोरीवर वाकळ. खिडकी बहुधा नाहीच. या घराचे आम्हाला कौतुक करायचे नाही. गरिबीला ‘साधेपणा’ म्हणून गोंजारणारे लोक बाहेरून येतात आणि फोटो काढून निघून जातात. त्या अंधारात ज्यांचे बाळंतपण झाले त्यांना तो साधेपणा नको होता.

पण त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की आमच्या आयाबायांनी त्या घराला घर केले. शेणामातीने सारवलेली जमीन, पांढऱ्या मातीचा हात दिलेली चूल, जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून शिवलेली गोधडी. हे काम कौशल्याचे आहे. ज्या बाईला घरात घागरभर पाण्यासाठी सवर्णांच्या विहिरीपाशी ओंजळ पसरून तासन्‌तास थांबावे लागत होते, तिने राखलेली ती स्वच्छता आहे. पाणी अडवायचे आणि मग ‘हे लोक घाणेरडे’ म्हणायचे, ही बदमाशी किती जुनी आहे!

म्हणूनच आमच्या घराच्या इतिहासात दोन पाणवठे पहिल्या ओळीत येतात. १८६८ मध्ये महात्मा जोतीराव फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या राहत्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. सभेत भाषण करणे सोपे असते, घरचा हौद खुला करणे सोपे नसते. जोतीरावांनी वाड्याच्या नकाशावरच घाव घातला. आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी हजारोंसह ओंजळीत घेतले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, म्हणजे फुटकी भांडी आणि लोखंडी दागिने सांगणारा तो गृहरचनेचा ग्रंथही जळाला. दोनच दिवसांनी त्यांनी महाडला स्त्रियांपुढे भाषण केले. अस्पृश्यतेची खूण सांगणारी लुगडी नेसण्याची पद्धत सोडा, कथलाचे आणि चांदीचे वजनदार दागिने टाका, घर स्वच्छ ठेवा, मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका. काही विद्वान याला ‘सवर्णांचे अनुकरण’ म्हणतात. ज्यांच्या अंगावर आणि घरावर जात ओळखण्याची खूण सक्तीने ठोकली होती, त्यांनी ती खूण उपटून फेकली, यात अनुकरण कसले? ती बंडाची पहिली पायरी होती.

एकशे साठ चौरस फूट

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्यांना दोषी ठरवून सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्याने बांधलेल्या त्या बीआयटी चाळी. पुढे १९२० मध्ये गव्हर्नर लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. पन्नास हजार खोल्या बांधायचा त्यांचा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मधून बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडे, मजल्यागणिक सामाईक संडास. खोली साधारण १६० चौरस फुटांची. काँक्रीटच्या या खोल्या सुरुवातीला कामगारांना इतक्या नकोशा वाटल्या की पुष्कळशा रिकाम्या पडून राहिल्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात वरळीच्या काही चाळी तात्पुरता तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या. ज्या इमारतीचा तुरुंग करायला फारसा फरक करावा लागत नाही, ती इमारत सरकारने माणसांसाठी घर म्हणून बांधली होती.

तरीही आम्ही या खोलीला नुसती शिवी देऊन पुढे जाणार नाही. गावाहून आलेल्या माणसाला इथे तीन गोष्टी मिळाल्या. डोक्यावर पक्के छत, जे कोणी पेटवू शकत नव्हते. मजल्यावर नळ, ज्यासाठी ओंजळ पसरावी लागत नव्हती. आणि शेजारच्या सवर्णाच्या खोलीएवढीच खोली. चौरस फूट मोजताना सरकारच्या फूटपट्टीला जात नव्हती. त्या खोलीत आमच्या माणसांनी पोटमाळा काढला, कोपऱ्यात मोरी केली, भिंतीवर मांडणी ठोकली, कॉटखाली ट्रंका सरकवल्या. रात्री बोळात झोपणारी पोरे दिव्याखाली अभ्यास करून मॅट्रिक झाली.

जात मात्र चाळीतही आली. कोणत्या चाळीत कोण राहतो हे ठरून गेले, आमच्या चाळी वेगळ्या ओळखल्या जाऊ लागल्या. जानेवारी १९७४ मध्ये वरळीत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली तेव्हा हीच वेगळी वस्ती लढाईची रेषा झाली. १० जानेवारीला परळच्या मोर्चात इमारतीवरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव शहीद झाले. एकाच मापाची खोली मिळाल्याने शेजार मिळत नाही, हे त्या दगडाने सांगितले.

बडोद्याची खोली ते राजगृह

घर नाकारणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांच्या आयुष्यातून पाहा. १९१७ मध्ये परदेशातून शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन एका पारशी खानावळीच्या माडीवर राहिले. त्या जागेचे वर्णन त्यांनी स्वतःच केले आहे : एक लहान खोली, बाजूला मोडक्या खुर्च्या-बाकड्यांनी भरलेले मोठे दालन, विजेचा दिवा नाही, हातात कंदील. अडगळीच्या खोलीत त्या काळातला एक अत्यंत विद्वान माणूस वाचत बसला होता. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि तीही खोली गेली.

त्याच माणसाने परळच्या बीआयटी चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत दोन दशकांहून अधिक काळ काढला. महाडचा सत्याग्रह आणि गोलमेज परिषद, दोन्ही त्याच बिऱ्हाडात असतानाची. आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले. या घराचा नकाशा कशाने ठरला? देवघराने नाही, दिवाणखान्याच्या थाटाने नाही. पुस्तकांनी. ग्रंथांना जागा किती लागेल, हा हिशेब आधी आणि माणसांची सोय नंतर. भारतातल्या घरांच्या इतिहासात देवघराची जागा ग्रंथालयाने घेतली, असे ठळकपणे म्हणता येईल ते घर हे आहे. नावसुद्धा बिंबिसाराच्या मगधाची राजधानी असलेल्या नगराचे. ज्याला बडोद्यात कोणी खोली दिली नाही, त्याने आपल्या घराला बुद्धाच्या पावलांनी पुनीत झालेल्या राजधानीचे नाव दिले. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना हे घर शिकवले जाते का?

भिंतीवरचा बदल

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या घरांत जे झाले ते जगाच्या इतिहासात दुर्मीळ आहे. लाखो घरांतून देव्हारे निघाले. खंडोबा, मरीआई, म्हसोबाचे टाक नदीत, विहिरीत गेले. एका पिढीत, कोणत्याही राजाच्या हुकुमाशिवाय, घराच्या आतली सर्वांत पवित्र जागा रिकामी झाली. तिथे बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर आली, माता रमाईची आली, आणि फळीवर पुस्तके आली.

‘तुम्ही फक्त देवाची तसबीर बदलली,’ असा टोमणा आपल्याला मारला जातो. त्याचे उत्तर तसबिरीत नाही, तिच्या खालच्या फळीवर आहे. तसबिरीखाली पुस्तक असेल, पोराचे अभ्यासाचे टेबल असेल, तर टोमणा खोटा आहे. तसबिरीखाली नुसती लुकलुकणारी रोषणाई असेल आणि पुस्तक एकही नसेल, तर मात्र आपण विचार केला पाहिजे. तसेच, ज्यांनी देव्हारे विसर्जित केले त्यांची नातवंडे आज वास्तुशास्त्रज्ञाला बोलावून स्वयंपाकघराची दिशा विचारत असतील, तर ज्या दिशाशास्त्राने दक्षिण आपल्या माथी मारली त्याच्याच पाया ती पडत आहेत.

आणि बाईचे काय? घराची उंची वाढली, फरशी आली, स्लॅब पडला. पण ओट्यापाशी अजून एकटी तीच उभी असते. घराच्या उताऱ्यावर तिचे नाव आहे का? सभेला गेलेल्या कार्यकर्त्याच्या मागे घरात पाणी कोण भरते? घरातली ही विषमता तशीच ठेवून समतेचा फलक दारावर लावता येणार नाही.

स्लॅब पडला, दिशा तीच

आज रमाई आवास योजनेत २६९ चौरस फुटांचे घरकुल मिळते. गवतापासून स्लॅबपर्यंतचा हा प्रवास लहान नाही, आणि तो संघर्षातून झाला आहे. पण घरकुल बांधायचे कुठे? बहुतेक गावांत जुन्याच वस्तीत, गावाच्या त्याच अंगाला. २०२० च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगले झाले. पाटी बदलली, जागा बदलली नाही.

शहरात तर कायद्यानेच कुंपणाला आधार दिला. एखादी सहकारी गृहनिर्माण संस्था आपल्या समाजापुरतेच सभासदत्व ठेवू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला. ती संस्था एका अल्पसंख्य समाजाची होती हे खरे. पण त्या तत्त्वाची सावली कोणावर पडते? आडनाव विचारून, ‘शाकाहारीच हवेत’ म्हणून, दलाल जेव्हा फोन ठेवतो, तेव्हा बडोद्याची ती माडी अजून रिकामी झालेली नाही हे कळते. संविधानाच्या कलम १५ ने विहीर, रस्ता, दुकान, उपाहारगृह उघडले. भाड्याची खोली त्या यादीत नाही. पुढची लढाई इथे आहे.

आणि आता बीडीडी चाळी पाडल्या जात आहेत. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे. मिळालेच पाहिजे, तो हक्क आहे. जुन्या खोलीसाठी अश्रू ढाळणारे आम्ही नाही. पण खोली पाडण्याआधी ती लिहून ठेवली पाहिजे. वाड्याचा खांब संग्रहालयात जातो आणि आपला पोटमाळा भंगारात, हे आपण का चालू द्यायचे?

तरुणांनो, हे काम कोणी विद्यापीठ करून देणार नाही. आपल्या आजीला विचारा, घरावर कौल कोणत्या साली चढले आणि त्या वेळी गावात काय झाले. वस्तीत पहिला नळ कधी आला, देव्हारा कोणी काढला, पहिली खिडकी कोणी पाडली. मोजपट्टी घ्या, खोलीचा नकाशा कागदावर काढा, मोरी, मांडणी, कॉट, तसबीर, पुस्तकांची फळी, सगळे जिथल्या तिथे दाखवा. तारीख टाका, माहिती देणाऱ्याचे नाव त्यांच्या परवानगीने लिहा. एका बुद्धविहारात असे पन्नास नकाशे जमले, तरी ते महाराष्ट्राच्या घरांच्या इतिहासाचे पहिले खरे पुस्तक होईल. ज्यांना कौल चढवायची बंदी होती, त्यांच्या घरांचा इतिहास त्यांच्याच हातांनी लिहिला जाईल.

जय भीम!